बारा मिनिटांची एस.टी.

परळ डेपोतून रात्रीची सावंतवाडी गाडी सुटते. गणपती दोन दिवसांवर आलेले, गाडीत मुंगी शिरायला जागा नाही. कंडक्टरच्या सीटशेजारी एक म्हातारी. पनवेल येतं, म्हातारी विचारते, ‘कणकवली इली काय रे?’ पेण येतं, ‘कणकवली इली?’ माणगाव, महाड, ‘इली?’ कशेडीच्या घाटात निम्मी गाडी पिशव्यांत तोंड घालून बसलेली, तरी हिचं चालूच. कंडक्टर साताऱ्याकडचा. शेवटी वैतागून म्हणतो, ‘आजे, झोप की गुमान! कनकवली आली की मीच उठवतो तुला.’ म्हातारी झोपते. कंडक्टरही झोपतो. त्याला जाग येते तेव्हा गाडी कुडाळात. आली का पंचाईत! ड्रायव्हरच्या हातापाया पडून, पॅसेंजरांच्या शिव्या खात गाडी उलटी फिरवतात आणि पहाटे कणकवली स्टँडात आणून उभी करतात. ‘आजे, ऊठ, आली तुझी कनकवली, उतर!’ म्हातारी डोळे चोळते, कनवटीची पुडी सोडते, एक गोळी तोंडात टाकते आणि म्हणते, ‘उतरू कित्याक? माका सावंतवाडीक जावचा हा. झिलान सांगल्यान, कणकवली इली की गोळी खा.’

वाचायला मिनिटभर लागलं असेल. मी ह्याची 12 मिनिटं करायचो. सुरू होताना इंजिन दोनदा गचके खातं ते, न पडणारा गिअर, दोरीची घंटा, खिडक्यांच्या काचा, मागच्या सीटवरच्या पोराचं ‘आई, मळमळतंय’, आईचं ‘लिंबू हुंग, लिंबू हुंग’, आणि घाटातल्या एका वळणावर ते लिंबू हातातून सुटून सीटांखालून गडगडत थेट ड्रायव्हरच्या पायाशी. सात आवाज, एक माइक.

विनोद माझा नव्हे. वडिलांनी गिरणीतून आणलेला. ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, आणि लालबागच्या आमच्या चाळीत पाळी सुटली की रिकाम्या डब्याबरोबर असं काही ना काही घरी यायचं. साताऱ्याची माणसं हाच किस्सा कराडचा म्हणून सांगत. पुढे एका ढोलकीवाल्याने तो मला झाशी स्टेशन घालून हिंदीत ऐकवला आणि वर शपथेवर म्हणाला, आमच्या गावात खरंच घडलंय. विनोद कोणाचा हे तेव्हा कोणी विचारत नसे. कोण बरा सांगतो एवढंच बघत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. संपला कधी, ते आमच्या घरात आजही कोणाला नीट सांगता येत नाही. वडील पुढे भांडुपच्या एका कंपनीत रात्रीचे वॉचमन झाले. रात्रपाळीच्या वॉचमनला विनोद सांगायला कोण भेटणार? घरी नवीन काही येईनासं झालं. मग जुनेच किस्से मी त्यांना त्यांच्याच आवाजात करून दाखवायचो. ते हसायचे नाहीत, चुकलेला शब्द दुरुस्त करायचे. माझी तालीम म्हणाल तर ती एवढीच.

मुंबईतली किती तरी हसवणारी माणसं अशाच कुठल्या ना कुठल्या कामाच्या जागेवरून आली, हे फार उशिरा माझ्या ध्यानात आलं. दादा कोंडके अपना बाजारमध्ये नोकरी करत आणि सेवा दलाच्या कलापथकात कामं करत. जॉनी लिव्हर हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होते. कंपनीच्या कार्यक्रमात त्यांनी साहेबांच्या नकला केल्या आणि कंपनीचं नावच त्यांना चिकटलं. साहेबाची नक्कल साहेबासमोर करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गेटातून कामावर जायचं, ह्याला लागणारी छाती कुठल्या क्लासात तयार होत नाही. वडिलांनी दादांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ तीनदा पाहिलं होतं. गोष्ट ठाऊक असताना तीनदा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘दर वेळी वेगळं होतं.’ दादा त्या त्या दिवसाची बातमी आयत्या वेळी आत घुसडायचे. मी ते ह्या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

ऑर्केस्ट्रात मी शिरलो तो दोन गाण्यांच्या मधल्या फटीतून. गायिकेला साडी बदलायची असते, कीबोर्डवाल्याला कसली तरी बटणं फिरवायची असतात, ऑक्टोपॅडची वायर हमखास निघालेली असते. तेवढ्यात लोक उठून जाऊ नयेत म्हणून मिमिक्रीवाला पुढे सोडायचा. पोस्टरवर माझं नाव खालून दुसरं, माझ्याखाली जनरेटरवाला. नाइटचे दीडशे रुपये, वडापाव वेगळा. सुरुवातीला मी नट करायचो. सगळेच करत. एकदा काळाचौकीच्या मंडपात गायिका पोचलीच नाही आणि मालकाने स्टेजच्या बाजूने हवेत बोट फिरवलं. म्हणजे ओढ. माझ्याकडचे नट संपले, तरी बोट फिरतच होतं. तेव्हा घाबरून मी एस.टी. बाहेर काढली.

समोर बसलेले निम्मे लोक दोन दिवसांनी त्याच गाडीत बसणार होते. पनवेलला ते नुसते सावरून बसले. कशेडीला हसू लागले. म्हातारीने गोळी तोंडात टाकली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो खुर्चीसकट पुढे गेला. मालकाने त्या रात्री पन्नास रुपये जास्त दिले. ह्या धंद्यात त्याहून मोठं सर्टिफिकेट मला पुढे मिळालं नाही.

मग पंधरा वर्षं ती गाडी चालली. गणपती, नवरात्र, सत्यनारायण, पतपेढीचा वर्धापनदिन. लालबाग-परळची माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला राहायला गेली, त्यांच्या मागोमाग माझी गाडीही गेली. 1998 ला कोकण रेल्वे पुरती सुरू झाली तेव्हा मालक म्हणाला, जमाना बदललाय, आता म्हातारीला ट्रेनमध्ये बसव. बसवून पाहिलं. ट्रेन उलटी फिरवता येत नाही! पुन्हा एस.टी.वर आलो. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, पुढे वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. रात्रभर चालणारे ऑर्केस्ट्रे तीन तासांत आटपू लागले. गाणी कापली गेली, एक गिटारवाला कमी झाला. माझी 12 मिनिटं शाबूत राहिली.

तेच ते पंधरा वर्षं सांगताना कंटाळा येत नव्हता का, असं लोक विचारतात. नाही यायचा. आज ऐकणारा उद्या नसायचा. काळाचौकीचा माणूस नालासोपाऱ्याला विनोद ऐकायला येत नाही. शहर एवढं मोठं, की एकच विनोद घेऊन त्यात आयुष्यभर फिरता आलं असतं. नंतर टीव्हीने सगळ्यांना एकाच खोलीत आणून बसवलं.

2005 मध्ये स्टार वनवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आलं. पहिल्या वर्षी जिंकला तो आपला हिंगणघाटचा सुनील पाल. राजू श्रीवास्तव तिथे पोचले तेव्हा त्यांच्यामागे स्टेजवरची कित्येक वर्षं होती, पण देशाला ते त्या एका मोसमात दिसले. आमच्या लाइनीतल्या प्रत्येकाने आरशात स्वतःला नव्याने पाहिलं. दोन-तीन वर्षांत मराठी वाहिन्यांवरही हास्याच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि एकीत मी घुसलो. तिथे 12 मिनिटं म्हटल्यावर समोरची मुलगी दचकलीच. साडेतीन मिनिटांत बसवा, म्हणाली. मी पेण काढलं, माणगाव काढलं, मळमळणारं पोर काढलं. लिंबू काढताना खरंच जिवावर आलं.

एपिसोड लागला त्या रात्री चाळीतल्या सगळ्या दारांतून माझाच आवाज येत होता. वडील पलंगावर बसून बघत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, ‘लिंबू कुठे गेलं?’

तिसऱ्या फेरीत मी बाद झालो. दुसरी गाडी डेपोत नव्हतीच. पण नाव झालं, पोस्टरवर मी वरून पहिला आलो, दीडशेपासून चढत आलेली नाइट एकदम पाच हजारांवर गेली. त्या गणपतीत डोंबिवलीला एका मैदानावर कार्यक्रम होता, हजारभर माणूस. मी इंजिनाचे गचके घेतले, टाळ्या पडल्या. घंटा वाजवली. पनवेल आलं. ‘कणकवली इली काय रे?’ म्हटलं मात्र, आणि पुढे सतरंजीवर बसलेला नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा तोंडाला हातांचा भोंगा करून ओरडला, ‘आजी, गोळी खा!’

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा त्याने घेतला. हक्काने घेतला, मी त्यात काही वावगं म्हणणार नाही. पण गाडी पनवेलला, अजून अकरा मिनिटं जायची, आणि पोचायचं ठिकाण सगळ्यांना माहीत. पाकीट मारलं गेलं की माणूस आधी सगळे खिसे चाचपतो, तसा मी आवाजामागून आवाज काढत राहिलो. लोक प्रेमाने हसत होते. नवऱ्यामुलाच्या काकांच्या विनोदाला हसतात तसं. महाडपर्यंत कशीबशी नेली आणि ‘आता पुढचं गाणं ऐकू या’ म्हणून उतरलो.

बरीच वर्षं मी ह्याचं खापर टीव्हीवर फोडत होतो. टीव्ही विनोद खातो, पंधरा वर्षांची पुंजी साडेतीन मिनिटांत गिळतो, वगैरे. ते खरंही आहे. पण मग औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे सरांचं काय? ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लोकांना तोंडपाठ होतं. 52 पात्रं, एकटा माणूस, आणि समोरची माणसं पुढचं वाक्य आधीच पुटपुटताहेत. प्रयोग तरी हाउसफुल्ल. लोकांना पुढचं माहीत असल्याने त्यांचं काही अडलं नाही, माझं मात्र पनवेलला मोडलं. कारण त्यांच्या वऱ्हाडात लोक माणसांना भेटायला जायचे. माझ्या गाडीत शेवटची गोळी तेवढी होती, आणि टीव्हीसाठी गाडी साडेतीन मिनिटांची करताना होती ती माणसं मीच उतरवून टाकली होती. वडिलांना ते लिंबावरून कळलं.

स्पर्धेच्या जोरावर मला एका वाहिनीने दुपारचा कार्यक्रम दिला. सूत्रसंचालक! ब्लेझर तीन, दिवसाला तीन एपिसोड. फ्लोअरवर एसी इतका की प्रेक्षकांतल्या बायका पदर कानांवरून घेऊन बसत. प्रेक्षक म्हणजे कोऑर्डिनेटरने बसमधून आणलेली माणसं, शिफ्टवर. एक एपिसोड झाला की पुढच्यांना मागे, मागच्यांना पुढे बसवायचे, म्हणजे टीव्हीवर गर्दी नवी दिसते. आणि सकाळी, काहीही सुरू होण्याआधी, नुसतं हसणं शूट व्हायचं. फ्लोअर मॅनेजर हात वर करायचा, शंभर माणसं हसायची. हात खाली, हसू बंद. मग ‘आश्चर्य’, मग ‘टाळ्या’. एडिटिंगला लागतं.

दुसऱ्या रांगेत एक बाई बसायच्या. नायगावहून यायच्या, काठ उसवलेली मोरपंखी साडी. हात वर झाला की त्या असं काही मोकळं हसायच्या की कॅमेरामन त्यांच्यावरच थांबायचा. एकदा तिसऱ्या एपिसोडला एका स्पर्धक आजोबांची जीभ घसरली, बायकोचं नाव घेताना मेहुणीचं नाव आलं. सगळा फ्लोअर फुटला. मी त्या बाईंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहराच नाही. पदर तोंडात कोंबून, मान खाली घालून खांदे गदगदा हलताहेत. कोऑर्डिनेटर मागून ओरडला, ‘ओ मावशी, पदर काढा, चेहरा दिसत नाय!’ त्यांनी पदर काढला, दात दाखवले, आणि हसू गेलं ते गेलंच. त्या दिवसानंतर मी दात मोजायचं सोडून पदर बघायला लागलो.

सूत्रसंचालकाच्या कानात एक बटण असतं. त्यातून पीसीआरमधला, म्हणजे कंट्रोल रूममधला दिग्दर्शक बोलत असतो. समोर कोणी नवऱ्याच्या आजारपणाबद्दल सांगतंय, आणि कानात ‘ताण, ताण, चाळीस सेकंद ताण, मग ब्रेक’. स्टँडअपवाल्याला हे फार जड जातं. त्याची सवय अशी की बोलणारा मी, थांबणारा मी, शेवटचं वाक्य माझं. पहिल्या महिन्यात मी दर पाहुण्याच्या बोलण्यावर एक एक कोटी चिकटवत होतो. एडिटर ती निमूट कापून टाकत होता. मी तक्रार केली तर त्याने मला मशीनवर बसवलं आणि दाखवलं, ‘बघा, तुम्ही बोललात की ह्या बाई बोलायच्या थांबतात.’

ह्या कामातला बादशहा आदेश बांदेकर. 2004 पासून ‘होम मिनिस्टर’मध्ये ते घराघरांत गेले, पैठण्या वाटल्या. आमच्या लाइनीतले लोक नाकं मुरडायचे, ह्यात काय आहे, विनोद कुठे आहे? मी एकदा कागद घेऊन बसलो आणि एका एपिसोडमध्ये भावोजी स्वतः किती बोलतात ते लिहून काढलं. छोटे छोटे प्रश्न. मग? तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या? आणि गप्प. हशा प्रत्येक वेळी घरातली माणसं घेतात, आणि संध्याकाळ मात्र भावोजींची होते. कपिल शर्मा 2007 मध्ये लाफ्टर चॅलेंज जिंकला आणि 2013 पासून स्वतःचा कार्यक्रम घेऊन बसला, तेव्हाही मी हेच पाहिलं. प्रेक्षकांतला कोणी उभा राहिला की तो खरा खुलतो. सगळ्यांना हे वळण घेता येत नाही. मला अर्धवट आलं, तोवर कार्यक्रम गुंडाळला. शेवटच्या 14 एपिसोडचे पैसे अजून यायचेत. ब्लेझर परत मागून नेले, ते मात्र दुसऱ्याच दिवशी.

आता माझा भाचा स्टँडअप करतो. इंजिनिअर, नोकरी सांभाळून, मराठीत. 2010 मध्ये लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये ‘द कॉमेडी स्टोअर’ उघडलं होतं, पुढे त्याचं कॅनव्हास लाफ क्लब झालं. त्याने मला तिथे एक शो बघायला नेलं. खुर्चीत बसल्यावर मी आजूबाजूला बघत राहिलो. वडिलांची गिरणी ही नव्हे, पण भोंगा ऐकू येईल इतकी जवळ. हसायला तिकीट, आणि एका कॉफीच्या किमतीत माझ्या तेव्हाच्या दोन नाइटी.

भाच्याचा स्वतःचा पहिला ओपन माइक अंधेरीच्या एका बारच्या माडीवर होता. पाच मिनिटं. मागून मोबाइलचा दिवा दाखवला की एक मिनिट उरलं. श्रोते अकरा, त्यातले आठ आपापला नंबर यायची वाट बघणारे विनोदवीर, आणि विनोदवीर कधी हसत नाहीत, पाठ करत असतात. भाचा सपशेल पडला. रिक्षात मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, ‘मामा, आजचं नवीन मटेरियल होतं, बसेल हळूहळू.’

इंटरनेटवर तो आपले विनोद टाकत नाही. समोर बसलेल्यांशी मारलेल्या गप्पांचे तुकडे टाकतो. तू काय करतोस, ही कोण, लग्न ठरलंय का, घरी सांगितलंय का. त्याला ते क्राउड वर्क म्हणतात. मी विचारलं, चांगले विनोद लपवून ठेवतोस आणि ह्या गप्पा कशाला टाकतोस? तर म्हणाला, ‘जोक टाकला की जळतो मामा. शोला आलेल्याने तो आधीच ऐकलेला असतो. गप्पा जळत नाहीत, उद्या समोर दुसराच माणूस असतो.’ एवढंसं पोर, आणि हे त्याला दोन वर्षांत कळलेलं. मला वडिलांची ती तीन तिकिटं आठवली.

गेल्या माघी गणपतीत बदलापूरला एका सोसायटीत निवेदनाला गेलो होतो. हल्ली हेच करतो, बारसं, साठी, गेट-टुगेदर, ज्याला अँकरिंग म्हणतात. बक्षीस समारंभ आटपला, जेवणाला अजून वेळ होता. मागून कोणी तरी ओरडलं, ‘ती एस.टी. होऊन जाऊ द्या!’ मी हात जोडले, अहो, सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उभे राहिले. ऐंशीच्या आसपासचे, स्वेटरवर मफलर. म्हणाले, ‘तुम्ही टीव्हीवर सांगितलंत ते चूक आहे. मी त्या गाडीत होतो.’

लोक हसले. आजोबा हसले नाहीत.

जुन्या सवयीने माझ्या जिभेवर एक कोटी आलीच होती. ती गिळली आणि खाली उतरून त्यांच्यापुढे माइक धरला. ‘कुठून बसलात?’

‘परळहून. कुर्ला नेहरूनगरला गाडी भरली. म्हातारी माझ्या मागच्या सीटवर. कणकवली नव्हे, तिने राजापूर विचारलं होतं. आणि गोळी नव्हती हो.’

‘मग काय होतं?’

‘सांगतो ना. आधी मला पनवेलला उतरू द्या, लघवीला.’

सगळी सोसायटी फुटली. दोन बायकांचे पदर तोंडावर गेलेले मला दिसले. आजोबा सावकाश, श्वास घेत घेत सांगत होते, पेणला चहा कोणी पाजला, गाडीत गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, तिचा एक कान कसा दुखावला आणि तो रात्रीत कशाने चिकटवला. मागून केटररने ताटं लागल्याची खूण केली. मी त्याला बोटाने थांब म्हटलं. गाडी आत्ताशी वडखळला आली होती. माइक धरून माझा उजवा हात भरून आला, तेव्हा तो डाव्या हातात घेतला आणि विचारलं, ‘मग?’